आधी पाणी, मग बोट : जुन्या वेगवान बोटीच्या पहिल्या खरेदीचा आढावा

संगमनेर तालुका पर्जन्यछायेत येतो, पण त्याच्या वरच्या अंगाला पाण्याचे मोठे साठे आहेत. प्रवरेवरचे भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्यामागच्या आर्थर सरोवरात ११ टीएमसी पाणी मावते. त्याच्या खाली ८.३२ टीएमसीचे निळवंडे आहे. पूर्वेला राहुरीजवळ मुळा धरणाचा २६ टीएमसीचा ज्ञानेश्वर सागर पसरला आहे, तर नाशिककडे गंगापूर धरणावर पर्यटन महामंडळाचा बोट क्लब आहे. आर्थर सरोवरातून रतनवाडीकडे पर्यटकांना नेणाऱ्या बोटी तर अनेकांनी पाहिल्या आहेत.

इतके पाणी हाकेच्या अंतरावर असताना थोडी बचत गाठीशी असलेल्या तरुणाला वेगवान बोटीचे आकर्षण वाटणे साहजिक आहे. नवी बोट आवाक्याबाहेर असते. म्हणून नजर वळते ती मुंबई, अलिबाग, मालवण किंवा गोव्याकडच्या वापरलेल्या बोटींकडे. कोणाला ती हौसेसाठी हवी असते, कोणाला पर्यटनाच्या धंद्यासाठी. अशा खरेदीबद्दल जाणकारांचे एकमत कुठे आहे, मतभेद कुठे आहेत आणि कोणते प्रश्न अजून अनुत्तरित आहेत, हे क्रमाने पाहू.

पार्श्वभूमी

वेगवान बोट सामान्य माणसाच्या आवाक्यात आली ती दोन-तीन शोधांमुळे. ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये बोटीच्या मागे टांगायचे इंजिन बाजारात आणले. पुढे फायबरग्लासमुळे एकाच साच्यातून शेकडो बोटी निघू लागल्या. १९६० साली रे हंट यांच्या खोल ‘व्ही’ आकाराच्या तळाच्या बोटीने मायामी ते नसाऊ ही समुद्री शर्यत जिंकली, आणि खवळलेल्या पाण्यातही वेग टिकवता येतो हे सिद्ध झाले. आज जुन्या बाजारात दिसणाऱ्या बहुतेक वेगवान बोटी याच कुळातल्या आहेत.

आपल्याकडे या खेळाचे दर्शन उशिरा घडले. मार्च २०१७ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर पी-वन पॉवरबोट शर्यती झाल्या. त्यात २८ फुटी बोटींना २५० अश्वशक्तीची इंजिने होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये फॉर्म्युला वन पॉवरबोटींची फेरी आंध्रात कृष्णेच्या पाण्यावर झाली. समुद्रापासून दूर, नदीच्या गोड्या पाण्यावरही असा खेळ रंगतो, हे त्या फेरीने भारतातल्या प्रेक्षकांना दाखवले.

जुन्या बोटींकडे ओढा वाढण्यामागे कराचेही कारण आहे. करमणुकीच्या आणि क्रीडेच्या बोटींवर आधी २८ टक्के जीएसटी आणि वर उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर ४० टक्के झाला. धंदा म्हणून विक्री न करणाऱ्या व्यक्तीकडून जुनी बोट घेतली तर हा कर लागत नाही. त्यामुळे नव्या-जुन्या बोटींच्या किमतीतली दरी आणखी रुंदावली आहे.

वेगाचे गणित

मतभेदांकडे जाण्याआधी एक पाया पक्का करायला हवा. पाणी कापत जाणाऱ्या बोटीला लांबीने ठरवलेली मर्यादा असते. पाण्यातली लांबी १६ फूट असेल तर ती साधारण ताशी १० किलोमीटरला अडते. त्यापुढे जायचे तर बोटीने पाण्यावर उचलून घसरत जावे लागते. त्यासाठी सपाट किंवा ‘व्ही’ आकाराचा तळ आणि वजनाच्या मानाने पुरेशी ताकद लागते. एका अश्वशक्तीमागे १८ किलोंच्या आसपास वजन असेल तर बोट नीट उचलते. हा आकडा ९-१० किलोंवर आला की तिला खऱ्या अर्थाने वेगवान म्हणता येते.

जॉर्ज क्राउच या अमेरिकी नौकारचनाकाराचे जुने सूत्र इथे उपयोगी पडते. त्यानुसार वेग वाढतो तो ताकद आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने. म्हणजे वजन तेच ठेवून ताकद दुप्पट केली, तरी वेग दीडपटीच्या आतच राहतो, आणि इंधन मात्र जवळपास दुप्पट जळते. पहिल्या खरेदीत मोठ्या इंजिनाचा मोह किती धरावा, याचे बरेचसे उत्तर या एका नात्यात आहे.

सह्याद्रीतल्या जलाशयांसाठी आणखी एक वजावट करावी लागते. भंडारदऱ्याचे पाणी समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे. हवा विरळ होते तसे साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर तीनशे मीटरला सुमारे ३ टक्क्यांनी घटते. मांडव्याच्या किनाऱ्यावर १०० अश्वशक्ती देणारे इंजिन इथे ९३ च्या जवळपास येते. समुद्रावर बरोबर बसलेला पंखा इथे जड पडतो आणि इंजिन ठरलेल्या फेऱ्या गाठत नाही. म्हणून पंख्याचा पिच, म्हणजे एका फेरीत पंखा तत्त्वतः जितके इंच पुढे सरकतो ते अंतर, इंच-दोन इंचांनी कमी करावा लागतो. एक इंच पिच कमी केला की मिनिटाला साधारण दीडशे ते दोनशे फेऱ्या वाढतात. किनाऱ्यावर घेतलेली चाचणी घाटावर जशीच्या तशी लागू होत नाही, ती या कारणाने.

पहिला मतभेद : खाऱ्या पाण्यातली बोट घ्यावी का

महाराष्ट्रात विकायला येणाऱ्या वेगवान बोटी बहुतांशी समुद्रावरच्या असतात. अशी बोट टाळावी, असे एका पक्षाचे म्हणणे आहे. खारे पाणी इंजिनाच्या थंड करणाऱ्या वाटांमध्ये क्षार साठवते, ॲल्युमिनियम खाते, तारांच्या जोडांना हिरवा गंज चढवते. रोज वापरानंतर गोड्या पाण्याने इंजिन धुतले गेले होते की नाही, हे विकणाऱ्याच्या शब्दावरच सोडावे लागते.

दुसरा पक्ष म्हणतो की नीट निगा राखलेली समुद्री बोट ही दुर्लक्षित गोड्या पाण्यातल्या बोटीपेक्षा बरी. त्यांच्या बाजूने एक शास्त्रीय मुद्दाही आहे. फायबरच्या वरच्या थराखाली पाणी झिरपून फोड येतात, तो प्रकार गोड्या पाण्यात जास्त वेगाने होतो. बोट महिनोन्महिने पाण्यातच बांधून ठेवली असेल तर हा धोका वाढतो. शिवाय आपल्या जलाशयांत उन्हाळ्यात पाणी उतरले की इंजिनाचा पंप गाळ ओढतो आणि त्याच्या आतले रबरी चक्र लवकर झिजते. तेव्हा गोडे पाणी म्हणजे आपोआप निर्धोक, असेही नाही.

दोन्ही पक्षांना मान्य असलेली गोष्ट अशी, की बोट कुठे चालली यापेक्षा चालल्यानंतर कुठे ठेवली गेली हे महत्त्वाचे. ट्रेलरवर, छपराखाली, तळाचे बूच काढून ठेवलेली बोट दोन्हीकडे जास्त टिकते. समुद्रावरची बोट वर आणल्यावर झीज-धातूच्या वड्याही बदलाव्या लागतात. खाऱ्या पाण्यात जस्ताच्या, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमच्या वड्या काम देतात. जस्ताच्या तशाच ठेवल्या तर गोड्या पाण्यात त्या इंजिनाचे रक्षण नीट करत नाहीत.

दुसरा मतभेद : कोणते इंजिन

टू-स्ट्रोकच्या बाजूने बोलणारे सांगतात की ते हलके असते, दाबताच बोट उचलते, बनावट साधी असते आणि किनाऱ्यावरच्या कोणत्याही मच्छीमार बंदरात ते उघडणारा मिस्त्री मिळतो. कमी पैशांत जास्त वेग देणारे इंजिन तेच. फोर-स्ट्रोकच्या बाजूचे लोक इंधनाची बचत, कमी आवाज आणि स्वच्छ धूर पुढे करतात. कार्बोरेटरच्या जुन्या टू-स्ट्रोकमध्ये २० ते ३० टक्क्यांपर्यंत इंधन न जळताच पाण्यात जाते, हा त्यांचा सर्वात वजनदार मुद्दा. अमेरिकेत टाहो सरोवरावर १९९९ पासून अशा इंजिनांना बंदी आहे.

संगमनेरकरांसाठी हा मुद्दा परका नाही. शहराचे पिण्याचे पाणी निळवंड्याहून थेट जलवाहिनीने येते. ज्या पाण्यावर वेगाची हौस फेडायची तेच पाणी नळाला येणार असेल, तर इंजिनाची निवड खासगी बाब राहत नाही.

सुट्या भागांचा प्रश्नही याच चर्चेत येतो. एव्हिनरूडची इंजिने बनवणे कंपनीने २०२० मध्ये थांबवले. जुन्या बाजारात ती स्वस्त दिसतील, पण पुढची दहा वर्षे भाग कुठून आणायचे याचा विचार आधी करावा लागेल. यामाहा, सुझुकी, मर्क्युरी या नावांना किनाऱ्यावर मिळणारा भाव त्या इंजिनांच्या गुणांइतकाच मिस्त्री आणि भाग यांच्या उपलब्धतेमुळे आहे. संगमनेर परिसरात ट्रॅक्टर आणि मालमोटारींचे कसबी कारागीर भरपूर आहेत. बोटीच्या इंजिनाचे काम मात्र वेगळे. म्हणून घाटावरच्या खरेदीदाराने मिस्त्री आधी शोधावा आणि त्याला येते ते इंजिन घ्यावे, असा सल्ला दोन्ही पक्ष देतात.

इंजिन बोटीच्या आत आणि पंख्याचा पाय बाहेर, ही रचना १९५९ मध्ये व्हॉल्वो पेंटाने रूढ केली. अशा बोटी देखण्या असतात आणि जुन्या बाजारात मोहात पाडतील इतक्या स्वस्त मिळतात. पण त्यांचे रबरी भाते फाटले तर पाणी थेट बोटीत येते आणि दुरुस्तीला इंजिनापर्यंत पोचणेही कठीण असते. पहिल्या खरेदीत बाहेर टांगलेले इंजिनच बरे, याबद्दल जवळपास एकमत आहे.

जिथे मतभेद नाहीत : तपासणी

फायबरची बोट वरून चकचकीत आणि आतून कुजलेली असू शकते. इंजिन ज्या मागच्या भिंतीवर टांगतात त्या ट्रान्समच्या आत अनेक जुन्या बोटींत प्लायवूड असते. बोल्टच्या भोकांतून पाणी मुरले की ते कुजते. लाकडी किंवा प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत गेले तर निरोगी जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. इंजिनाचा पाय धरून वर-खाली हलवला आणि भिंत हलली, तर व्यवहार तिथेच थांबवावा. तळाच्या आत लांबीने गेलेल्या आधारपट्ट्या सुटल्या असतील तर वेगात तळ लवतो. वेगवान बोटीत हा दोष जीवघेणा ठरतो, कारण प्रत्येक लाटेचा मार तळावरच बसतो.

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. आकडे एकमेकांपासून १० टक्क्यांहून जास्त दूर नसावेत. खालच्या गिअरचे तेल काढून पाहावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे. इंजिन चालू असताना मागून पाण्याची पिचकारी सलग यायला हवी. नव्या इंजिनांत किती तास आणि किती फेऱ्यांवर वापर झाला याची नोंद संगणकात असते. ती काढून मागावी. अमेरिकेत बनलेल्या बोटींवर १९७२ पासून बारा अक्षरांचा क्रमांक मागच्या बाजूला कोरलेला असतो. त्यावरून बनावटीचे वर्ष कळते आणि कागदाशी पडताळता येते.

शेवटी पाण्यावरची चाचणी. पूर्ण भार घेऊन, पूर्ण वेगाने, वळणासह. ही चाचणी कुठे आणि कशी करावी, याचा धडा १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईने फार मोठी किंमत देऊन घेतला. इंजिनाची चाचणी चालू असलेल्या नौदलाच्या वेगवान बोटीचे नियंत्रण सुटले आणि ती एलिफंटाला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. पंधरा जणांचा जीव गेला. ताशी ६० किलोमीटरला बोट सेकंदाला जवळपास १७ मीटर सरकते आणि तिला ब्रेक नसतो. चाचणी मोकळ्या पाण्यातच व्हावी, सर्वांच्या अंगात जीवरक्षक जाकीट असावे, आणि चालवणारा जागेवरून फेकला गेला तर इंजिन बंद पाडणारी दोरी त्याच्या अंगाला बांधलेली असावी.

खर्चाचा हिशेब

बोटीचे बजेट म्हणजे तिची किंमत नव्हे, याबद्दलही एकमत आहे. देखभालीला दरवर्षी किमतीचा सुमारे दहावा हिस्सा लागतो, असा ढोबळ आडाखा जगभर वापरतात. जुनी बोट निम्म्याहून कमी किमतीत मिळाली तरी तिचे भाग नव्या बोटीच्याच भावाने येतात. म्हणून आडाखा नव्या किमतीवर लावणे सुरक्षित.

इंधनाचा हिशेब सोपा आहे. १०० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन पूर्ण वेगात तासाला ३५ ते ३८ लिटर पेट्रोल खाते. आजच्या भावाने तो खर्च ताशी चार हजार रुपयांच्या घरात जातो. मध्यम वेगात तो निम्म्यावर येतो. वाहतुकीचा खर्च वेगळा. मुंबईहून बोट कसारा घाट चढून वर येणार, तर ट्रेलरचे टायर, बेअरिंग आणि दिवे धड हवेत. मोटार वाहन कायद्यात ट्रेलरही वाहनच असल्याने त्याचीही नोंदणी लागते.

एकट्याने बोट घ्यावी की चार-पाच जणांनी मिळून, हाही चर्चेचा विषय आहे. एकत्र खरेदीचे समर्थक म्हणतात की वर्षातले बहुतेक दिवस बोट उभीच असते, मग खर्च वाटून का घेऊ नये? विरोधकांच्या मते ज्या यंत्राची निगा सगळ्यांची असते त्याची निगा कोणाचीच राहत नाही. सहकाराची मुळे खोल रुजलेल्या या तालुक्यात पहिली वाट चालून पाहण्यासारखी आहे. मात्र वापराची वही, दुरुस्ती निधी आणि चालवण्याचा अधिकार कोणाला, हे आधी लेखी ठरलेले हवे.

कायदा आणि जलाशयाचा स्वभाव

१९१७ च्या जुन्या कायद्याची जागा आता अंतर्गत जलवाहतुकीच्या २०२१ च्या कायद्याने घेतली आहे. नद्या, कालवे, सरोवरे यांवर चालणाऱ्या यांत्रिक बोटींची तपासणी, नोंदणी, चालवणाऱ्याची पात्रता आणि विमा यांची चौकट त्यात आहे. राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे येते. पण जलाशय असतो जलसंपदा विभागाचा, पर्यटनाचा धंदा करायचा तर पर्यटन विभागाचे नियम लागतात, आणि भंडारदऱ्याच्या परिसरात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य असल्याने वन विभागाचाही विचार करावा लागतो. किनाऱ्यावरची नोंदणी हातात आहे म्हणून कोणत्याही धरणात बोट उतरवता येते, असे समजणे चूक ठरेल.

जलाशयाचा स्वभाव हा त्याहून मोठा नियम आहे. धरण शेतीसाठी बांधलेले असते. आवर्तन सुटले की पाणी उतरते, आणि काल चार पुरुष खोल असलेल्या जागी आज खडक किंवा जुने खोड वर येते. काजव्यांच्या दिवसांत, मे अखेर ते जूनमध्ये, भंडारदऱ्याला पर्यटकांची झुंबड उडते. नेमके तेव्हा पाणी वर्षातल्या सर्वात खालच्या पातळीला असते. बोटीचा व्यवसाय मांडणाऱ्याने हे वेळापत्रक हिशेबात धरलेच पाहिजे.

आणि आतले पाणी शांत असते हा समज २०२४ च्या मे महिन्याने पुसून टाकला. २१ मे रोजी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी प्रवासात वादळी वाऱ्याने बोट उलटून सहा जण बुडाले. दोनच दिवसांनी आपल्या प्रवरेत, अकोले तालुक्यातल्या सुगाव बुद्रुक येथे, बुडालेल्या तरुणाचा शोध घेणारी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि तीन जवान गेले. ही माणसे पाण्यात काम करण्यासाठीच तयार केलेली होती.

जलाशयावर मोटारबोट असावीच का

या मुळाशी असलेल्या प्रश्नावर दोन प्रामाणिक भूमिका आहेत. एक बाजू म्हणते की धरणांत जमिनी गेलेल्या गावांना त्याच पाण्यातून रोजगार मिळाला पाहिजे, आणि सोबत बचावासाठी वेगवान बोटी आणि त्या चालवणारे स्थानिक हात तयार होतात. दुसरी बाजू पिण्याचे पाणी, पक्षी, मासेमारीची जाळी आणि किनाऱ्याची धूप यांकडे बोट दाखवते. वल्हवणाऱ्या होड्या पुरेशा आहेत, असे तिचे मत. मधला मार्ग म्हणून विजेवरच्या बोटींचे नाव घेतले जाते. संथ फेरफटक्यासाठी तो आजच शक्य आहे. पण १०० अश्वशक्तीचा वेग तासभर टिकवायचा तर सुमारे ७५ युनिट वीज लागते, म्हणजे चारशे-पाचशे किलोंची बॅटरी. वेगाच्या हौसेला हे वजन सध्या परवडत नाही.

काय सुटलेले नाही

पहिला प्रश्न स्वतंत्र तपासणीचा. जुनी मोटार घेताना कोणीही चार गॅरेजांत दाखवू शकतो. फायबरच्या तळाची पारख करणारे लोक किनाऱ्यापुरतेच आहेत. अभियांत्रिकी महाविद्यालये असलेल्या संगमनेरात हे कौशल्य रुजवता येईल का, हे पाहण्यासारखे आहे. दुसरा प्रश्न परवानगीचा. एकाच अर्जावर सर्व विभागांचे उत्तर मिळेल अशी सोय खरेदीदाराला हवी आहे. तिसरा प्रशिक्षणाचा. गोव्यातली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था पॉवरबोट चालवणे आणि जीवरक्षण शिकवते, पण हौशी मालकाने गोव्यापर्यंत जावे यासाठी त्याला आज कोणतीही ओढ नाही. चौथा पाण्याच्या नकाशाचा. पातळीनुसार कुठे खडक उघडे पडतात, कुठे मासेमारी चालते, पाणी उचलण्याच्या जागेपासून किती दूर राहायचे, हे जलाशयागणिक आखलेले हवे.

या सगळ्या चर्चेतून पहिल्या खरेदीदारासाठी एक क्रम मात्र स्पष्ट निघतो. कोणत्या पाण्यावर चालवायची ते ठरवावे आणि तिथली लेखी परवानगी मिळते का ते आधी पाहावे. मग मिस्त्री शोधावा, चालवायला शिकावे, आणि हातातल्या पैशांतला निदान तिसरा हिस्सा दुरुस्ती, जाकिटे आणि पहिल्या वर्षाच्या इंधनासाठी बाजूला काढावा. उरलेल्या पैशांत निरोगी तळाची, मध्यम ताकदीची, स्वच्छ इंजिनाची बोट घ्यावी. बाजारात हा क्रम उलटा चालतो. आधी मोठे इंजिन डोळ्यांत भरते आणि पाण्याचा विचार बोट दारात आल्यावर सुरू होतो. प्रवरेच्या खोऱ्यात वेगाच्या खेळाला जागा मिळायची असेल, तर पहिल्या काही मालकांनी हा क्रम सरळ ठेवणे गरजेचे आहे. त्यांच्या वागण्यावरूनच इथल्या गावांचे आणि खात्यांचे मत बनणार आहे.